पोळ्यांच्या डब्यापेक्षा मोठं आहे का? : एका खेळाच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५, रविवार

सोसायटीच्या गणपतीची पहिली बैठक. उपस्थिती अकरा, त्यातले चार चहापुरते. करमणुकीच्या संध्याकाळसाठी नेहमीचीच यादी निघाली: अंताक्षरी, फॅन्सी ड्रेस, खेळ पैठणीचा. पैठणीचं एवढं झालंय की जिंकणाऱ्या वहिनींनाच आता ती नकोशी वाटते. मी म्हटलं, यंदा मला पाऊण तास द्या, वेगळा खेळ करते. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, खर्च वाढणार नसेल तर काहीही करा." हे वाक्य मी तिथल्या तिथे वहीत टिपून घेतलं, म्हणून आजपासून ही वही.

खेळ कुठला, ते आधी लिहून ठेवते. गेल्या थंडीत खांद्याचं हाड मोडलं आणि दीड महिना उताणं झोपायची शिक्षा झाली. रात्री दोन-अडीचला फोन चाळताना एक कृष्णधवल अमेरिकन कार्यक्रम हाती लागला: 'व्हॉट्स माय लाइन?' एक अनोळखी माणूस येतो, फळ्यावर खडूने नाव लिहितो आणि बसतो. समोर चौघं, पार्टीला निघाल्यासारखी नटलेली. त्यांनी फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारून तो पोटापाण्यासाठी काय करतो ते ओळखायचं. बस, एवढंच. आपणही लग्नात शेजारी बसलेल्याला विचारतोच की, "तुम्ही कुठल्या लायनीत?" तेच, पण विचारायला बंदी.

एक बघितला, मग दुसरा. खांदा जुळला तोवर शंभरेक भाग झाले होते.

१८ जून, बुधवार

नियम उतरवून काढले. मूळ खेळात प्रत्येक 'नाही'ला पाहुण्याचे पाच डॉलर. संचालक (म्हणजे खेळ चालवणारा) टेबलावरचं एक कार्ड उलटतो आणि प्रश्न पुढच्या माणसाकडे जातो. 'हो' आलं तर तोच विचारत राहतो. दहा 'नाही' झाले की पाहुणा जिंकला, रक्कम पन्नास डॉलर. खेळात जिंकून यापेक्षा जास्त कोणालाच, कधीच मिळालं नाही. २ फेब्रुवारी १९५० ला सीबीएस वाहिनीवर सुरू झालेला कार्यक्रम १९६७ पर्यंत साडेसतरा वर्षं चालला, आठशेच्या वर भाग झाले, आणि बक्षीस पन्नासावरून हललं नाही.

आपल्याकडे: एका 'नाही'ला पन्नास रुपये, जास्तीत जास्त पाचशे. चार पाहुणे म्हणजे फार तर दोन हजार. खजिनदारांनी एवढ्यावरही भुवया वर केल्या. पैठणी याहून महाग पडते हे त्यांना कोण सांगणार? मीच सांगितलं.

२२ जून, रविवार

तिसऱ्या मजल्यावरचे नाना (वय ८६) जिन्यात भेटले. त्यांना सहज म्हटलं, असा असा खेळ करतेय. नाना थांबले, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "अगं, हा मी बघितलाय!"

मला वाटलं गल्लत होतेय. पण नाना १९६० साली ट्रेनिंगसाठी बर्मिंगहॅमला होते आणि त्यांच्या घरमालकिणीकडे टीव्ही होता. बीबीसीने हा खेळ १९५१ मध्येच उचलला होता. तिथला संचालक आयर्लंडचा, एमन अँड्र्यूज. पॅनेलवर लेडी इसोबेल बार्नेट, बार्बरा केली, जादूगार डेव्हिड निक्सन आणि गिल्बर्ट हार्डिंग. नानांच्या आठवणीत सगळ्यात ठसठशीत हार्डिंग. चिडका, जाडजूड, मिशाळ गृहस्थ. पाहुण्याने उडवाउडवी केली की सगळ्यांसमक्ष झापायचा, आणि लोक त्यासाठीच बघायचे. "मालकीणबाई म्हणायची, आज तो कोणावर भडकतो बघू." त्याच वर्षी एका मुलाखतीत आईच्या मृत्यूचा विषय निघाला आणि हाच माणूस कॅमेऱ्यासमोर रडला. नोव्हेंबरात गेलासुद्धा. नाना हे सांगताना सहा दशकांपूर्वीच्या त्या दिवाणखान्यात बसले होते. मी जिन्यात दळण घेऊन उभी.

तिकडे पाहुणा आधी आपल्या कामाचा थोडा मूकाभिनय करून दाखवायचा. ब्रिटिशांचा सगळ्यात गाजलेला पाहुणा म्हणजे मातीच्या भांड्यांच्या गावचा 'सॅगर मेकर्स बॉटम नॉकर'. नाव ऐकून हसूच येतं, पण काम खरं आहे. भट्टीत नाजूक भांड्यांना थेट आच लागू नये म्हणून ती जाड मातीच्या पेटीत ठेवतात, तिला सॅगर म्हणतात. तिचा तळ म्हणजे लोखंडी कड्यात चिकणमाती थापून लाकडी मोगरीने ठोकायची. ते ठोकणारा हा पोऱ्या. कोण ओळखणार?

ठरलं: संचालक नाना.

२९ जून, रविवार

पॅनेल. इथे घाई केली की खेळ फसला, कारण पाहुणे दर आठवड्याला बदलायचे, लोक बघायचे ते या चौघांना.

मूळ चौकडीतली माझी लाडकी आर्लिन फ्रान्सिस. नाटकातली नटी, गळ्यात हिऱ्यांचं बदामाच्या आकाराचं पदक, आणि हसू असं की समोरच्या घाबरलेल्या माणसाची मान सैल पडावी. ती प्रश्न विचारते तेव्हा पाहुण्याला कळतही नाही की आपण सापडलो. तिच्या अगदी उलट डोरोथी किलगॅलन. वर्तमानपत्रात ब्रॉडवेवर रोजचं सदर लिहिणारी, खटल्यांच्या बातम्या करणारी पत्रकार. तिला जिंकायचंच असे. ती प्रश्नांची कुंपणं घालत जाते: वस्तू की सेवा? घरात की बाहेर? बायका जास्त वापरतात का? पाचव्या प्रश्नाला पाहुण्याला पळायला जागाच उरत नाही. तिसरा बेनेट सर्फ, रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेचा एक संस्थापक. इतका मोठा प्रकाशक, पण दर रविवारी एखादी पांचट शाब्दिक कोटी केल्याशिवाय याला झोप येत नसावी. पाहुण्याच्या आडनावावर तर हमखास. चौथी खुर्ची विनोदवाल्याची: हॅल ब्लॉक, मग स्टीव्ह अ‍ॅलन, मग फ्रेड अ‍ॅलन, पुढे दर आठवड्याला नवा माणूस.

सर्फच्या खुर्चीचा आधीचा मालक मात्र विसरता येत नाही. कवी लुई अंटरमायर. तो डाव्या विचारांचा म्हणून १९५१ मध्ये निषेध सुरू झाले, प्रायोजक बिथरले आणि त्याला काढलं. इतक्या निरुपद्रवी खेळातसुद्धा त्या काळाचा तो डाग आहेच. मी भाग बघताना सर्फच्या कोट्यांवर हसते आणि मध्येच हे आठवतं.

आमची चौकडी: निवृत्त मराठीच्या बाई (बी विंग, प्रश्न विचारण्यात आयुष्य गेलं), दातांचे डॉक्टर (कोट्या करतात, लोक तोंड उघडं ठेवून ऐकतात, इलाज नसतो), इस्टेट एजंट काका (आमची किलगॅलन, कोणाचा फ्लॅट कितीला गेला ते मालकाच्या आधी यांना कळतं) आणि एक कॉलेजातली मुलगी. मुलगी म्हणाली, "काकू, मला काहीच माहीत नाही पण." म्हटलं, तेच हवंय.

६ जुलै, आषाढी एकादशी

खिचडी, रताळ्याचा कीस, आणि १९५७ चा जानेवारीतला चित्रकार साल्वादोर दालीचा भाग. शेवटचा पाहुणा प्रसिद्ध माणूस असे, म्हणून पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या. दाली प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतो. तुम्ही रंगमंचाशी संबंधित? हो. लेखक? हो. खेळाडू? हो. संचालक बिचारा दर वेळी मध्ये पडून सांगतो की हे जरा ताणल्यासारखं होतंय. दाली मात्र गंभीर. स्वतःबद्दल त्याचं खरंच तसं मत असावं.

आज बाकी काम नाही.

१२ जुलै, शनिवार

पहिली चाचणी, आमच्याच हॉलमध्ये. पाहुणे म्हणून 'हे' बसले, काम 'एसटीचे कंडक्टर' असं गृहीत धरलं. पूर्ण फजिती.

एक: आपल्याला हो-नाहीचा प्रश्न विचारता येत नाही. एजंट काकांचा पहिलाच प्रश्न, "साधारण किती मिळतात महिन्याला?" डॉक्टर: "बसून काम की उभ्याने?" बाईंनी तर प्रश्नच विचारला नाही, दोन मिनिटं प्रस्तावना केली.

दोन: यांनी काही प्रश्नांना "तसं म्हटलं तर हो" असं उत्तर दिलं आणि तिघं वाटेल तिकडे भरकटले. इथे मला जॉन चार्ल्स डेलीची किंमत कळली. तो मूळ कार्यक्रमाचा संचालक, व्यवसायाने बातमीदार. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी सीबीएस रेडिओवर वाचणारा आवाज त्याचाच. गंमत म्हणजे १९५३ पासून पुढे बरीच वर्षं तो एबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीच्या वृत्तविभागाचा प्रमुख होता आणि रविवारी रात्री सीबीएसवर हा खेळ चालवायचा. नोकरी एकीकडे, रविवार दुसरीकडे! प्रश्न दुटप्पी असला की डेली पाहुण्याकडे झुकायचा, दोघं कुजबुजायचे आणि मग तो एखाद्या न्यायमूर्तीसारखं लांबलचक वाक्य टाकायचा. त्या वाक्यात तीन पोटवाक्यं, दोन अपवाद आणि शेवटी एक 'हो'. पॅनेल बुचकळ्यात, प्रेक्षक खूश. मला वाटायचं हा वेळकाढूपणा आहे. नाही. तोच खेळाचा खांब आहे.

नानांना म्हटलं, तुम्ही कुजबुज करायची. नाना म्हणाले, "माझी कुजबुज चौथ्या मजल्यापर्यंत जाते." कानाचं मशीन आहे त्यांना. मार्ग: पाहुण्याने पाटीवर लिहून दाखवायचं.

तीन, आणि हे चांगलं झालं. स्टीव्ह अ‍ॅलनने १९५३ मध्ये एका वस्तूबद्दल विचारलं, "ती ब्रेडबॉक्सपेक्षा मोठी आहे का?" आणि तो प्रश्न अमेरिकेत म्हणीसारखा झाला. ब्रेडबॉक्स म्हणजे स्वयंपाकघरात पाव ठेवायचा डबा. आमच्या कोणाच्या घरी तो नाही. मुलगी म्हणाली, "मायक्रोवेव्हपेक्षा?" एजंट काका: "स्टिल्टच्या पार्किंगपेक्षा?" तेवढ्यात बाईंनी शांतपणे विचारलं, "पोळ्यांच्या डब्यापेक्षा मोठं आहे का?" सगळे गप्प. इतकं अचूक भाषांतर मी आजवर ऐकलेलं नाही. कार्यक्रमाचं नावही ठरलं.

२० जुलै, रविवार

पाहुण्यांचा शोध. अट: काम खरं हवं आणि पॅनेलला माहीत नसावं. मला वाटलं होतं अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांत सगळे आयटी, बँक आणि क्लासेस. तसे ते आहेतच. पण तीन संध्याकाळी दारोदार फिरले (निमित्त वर्गणीचं) आणि थक्क झाले.

ए-२०४ मधले काका मोडी वाचतात. आम्ही त्यांना 'कचेरीतले' म्हणायचो, कुठली कचेरी हे वीस वर्षांत विचारलं नाही. जुने दस्त, वाटणीपत्रं, फेरफार मोडीत असतात. जमिनीचा वाद निघाला की लोक कागद घेऊन यांच्याकडे येतात आणि हे ते देवनागरीत उतरवून देतात. सी विंगच्या भाडेकरूंचे वडील रेल्वेत की-मॅन होते. रोज आपल्या ठरलेल्या पट्ट्यात रूळांमधून चालत जायचं, खांद्यावर हातोडा आणि पाना, सैल झालेली चावी दिसली की ठोकून बसवायची. आपण रोज लोकलमधून बघतो तो नारिंगी जाकिटातला माणूस. तळमजल्यावर नव्याने आलेल्यांची सून पेणची. ती गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. ती म्हणाली, "काकू, आत्ता सीझन आहे, मला वेळ नाही, पण येईन."

त्या कार्यक्रमाचा पहिल्याच भागातला पहिला पाहुणा कोण होता? न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबमध्ये गिऱ्हाइकांच्या हॅट सांभाळणारी मुलगी. तिच्यासमोर पॅनेलवर न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर बसले होते. त्या रात्रीचा पट्टीवाला पाहुणा यांकी संघाचा बेसबॉलपटू फिल रिझूटो. पुढे एलेनॉर रूझवेल्टही येऊन गेल्या. पण मला आवडतात ते हॅटवाले भाग. टक्सिडो घातलेला प्रकाशक अत्यंत अदबीने विचारतोय, "मॅडम, तुमच्या सेवेचा लाभ मी कधी घेऊ शकेन का?" आणि बाई कुत्र्यांसाठी स्वेटर विणतेय की काय करतेय, पण आज तिच्या कामाशिवाय जगात दुसरा विषय नाही.

२६ जुलै, शनिवार

धो धो पाऊस. बाहेरची कामं रद्द. याच कंपनीचा (मार्क गुडसन आणि बिल टॉडमन, या जोडीने असे खेळ लायनीने काढले) दुसरा खेळ बघितला: 'आय हॅव गॉट अ सीक्रेट'. इथे व्यवसायाऐवजी गुपित ओळखायचं. संचालक गॅरी मूर.

फेब्रुवारी १९५६ चा भाग. पंच्याण्णव वर्षांचे सॅम्युएल सेमूर येतात. पडल्यामुळे एक डोळा सुजलेला. कार्यक्रमवाल्यांनी नको म्हटलं होतं, डॉक्टरांनी त्यांच्यावरच सोडलं, आणि ते आले. गुपित: पाच वर्षांचे असताना ते फोर्ड्स थिएटरमध्ये होते आणि लिंकनवर गोळी झाडली गेली ती रात्र त्यांनी पाहिली. लिंकनची हत्या १८६५ ची! बिल कलन आणि जेन मेडोज दोघांनी प्रश्न विचारत ते काढलं. म्हाताऱ्यांचं प्रायोजकाच्या सिगारेटींवर काही अडलं नव्हतं, ते पाइप ओढत. म्हणून त्यांना ऐंशी डॉलर आणि पाइपच्या तंबाखूचा डबा दिला. दोनच महिन्यांनी ते गेले.

टीव्हीवर बसलेला माणूस लिंकनच्या खुनाचा साक्षीदार, आणि तो मी ठाण्यात फोनवर पाहतेय. पावसामुळे लाइट गेले तेव्हा फोन १२ टक्क्यांवर होता, तरी तोच भाग परत बघितला.

पैशांचा विषय इथे पुरा करते, कारण खजिनदार पुन्हा कुरकुरले (उलट दिशेने: "पाचशेला कोण येणार?"). १९५०च्या दशकात अमेरिकेत लाखालाखाच्या प्रश्नमंजूषा होत्या. 'ट्वेंटी-वन'मध्ये चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचा प्राध्यापक देशाचा लाडका झाला आणि मग बाहेर आलं की उत्तरं आधीच दिली जात होती. १९५८ नंतर ते मोठे खेळ धडाधड बंद पडले. हे पन्नास डॉलरवाले टिकले. फसवून मिळणार काय, पन्नास?

३ ऑगस्ट, रविवार

झोप नाही. खांदा पावसाळ्यात बोलतो.

हे भाग आपल्याला दिसतात तेच एक नवल. कार्यक्रम थेट जायचा. पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून तो टिपून ठेवत, त्याला किनेस्कोप म्हणतात. सुरुवातीच्या फिल्मा सीबीएसने नष्ट केल्या. १९५२ मध्ये गुडसन-टॉडमनना हे कळलं तेव्हा त्यांनी पुढच्या जतन करायचा खर्च स्वतः उचलला. म्हणून १९५२च्या मध्यापासूनचे बहुतेक आहेत आणि आधीचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

थेट असल्यामुळे मृत्यूही थेट आला. फ्रेड अ‍ॅलन १७ मार्च १९५६ च्या शनिवारी रात्री गेला. रविवारी खेळ झाला. सगळे चेहरे पडलेले, पण प्रश्न विचारले, शेवटी त्याच्याबद्दल बोलले. आणि ७ नोव्हेंबर १९६५ च्या रविवारी डोरोथी नेहमीसारखी बसली, पट्टी बांधून खेळली, 'गुड नाइट' म्हणाली. सोमवारी ती घरी मृतावस्थेत सापडली. तो भाग मी एकदाच बघितला. शेवटचे 'गुड नाइट' तिथे नेहमी एकेकाला नाव घेऊन म्हणत: मिस्टर डेली, मिस किलगॅलन, मिस्टर सर्फ. इतक्या वर्षांची ओळख आणि तरी 'मिस्टर' सुटलं नाही. आमच्याकडे पण चाळीस वर्षं शेजार असून 'अहो जोशीकाकू'च, पण हे ऐकताना काहीतरी वेगळं वाटतं.

डोंबिवलीची चाळ आठवली. वरळीचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि आमच्या मजल्यावर टीव्ही यायला आणखी चार वर्षं लागली. साबिरा मर्चंट 'व्हॉट्स द गुड वर्ड?' घ्यायच्या, शब्द ओळखायचा खेळ. इंग्रजी आम्हाला ओ की ठो कळत नसे. तरी जमिनीवर बसून बघायचो, कारण त्या बोलायच्या कशा आणि समोरचे विचार करताना कसे दिसायचे, ते बघायला इंग्रजी लागत नव्हतं. आई म्हणायची, "बाई कशी न ओरडता बोलते बघ." एकाच वेळी एकच माणूस बोलतोय, हे आता टीव्हीवर कुठे बघायला मिळतं?

१० ऑगस्ट, रविवार

सामान. फळा: शेजारच्या शाळेकडून उसना (३ तारखेला परत, लेखी दिलंय). खडू आमचे. कार्डं दहा, दोन्ही बाजूंनी, मुलीने केली. डोळ्यांच्या पट्ट्या: मूळ कार्यक्रमात बायकांच्या पट्ट्या नक्षीदार असत, आमच्याकडे बाईंनी पैठणीच्या जुन्या काठाच्या शिवल्या. म्हणजे यंदाही पैठणी आहेच म्हणायची. माइक चार मागितले, माइकवाला दोनच देणार. प्रायोजक: एक क्लासवाले, अट अशी की पॅनेलच्या टेबलाला त्यांचा फ्लेक्स. मी नाक मुरडलं, मग आठवलं की डेलीच्या टेबलावर वर्षानुवर्षं 'स्टॉपेट' या घामाच्या वासावरच्या फवाऱ्याची पाटी होती. चालेल.

१७ ऑगस्ट, रविवार

तारखेवरून रणकंदन. कमिटीने रविवार ३१ धरला होता. कोणी पंचांग उघडलंच नव्हतं: त्या दिवशी गौरी येतात. सोसायटीतल्या अर्ध्या बाया घरात अडकणार. शनिवार ३० नक्की.

भाचा अमेरिकेतून म्हणतो, हे कसले जुनाट, 'मॅच गेम' कर. तो मी बघितलाय: जीन रेबर्न, लांब काडीसारखा माइक, ब्रेट सोमर्स आणि चार्ल्स नेल्सन रायली यांची भांडणं. हसून पोट दुखतं. पण रिकाम्या जागा भरायच्या त्या विनोदांना गणपतीसमोर जागा नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

रंगीत तालीम. टेबल मांडलं आणि आजी मंडळींनी पहिल्या मिनिटाला पकडलं: पॅनेलची पाठ मूर्तीच्या चौथऱ्याकडे! टेबल बाजूला तिरकं फिरवलं. त्यामुळे पॅनेलला चौथरा समोर दिसतो. याचा परिणाम काय होईल ते तेव्हा डोक्यात आलं नाही.

शेवटच्या गुप्त पाहुण्याचा प्रश्न सुटला. प्रसिद्ध माणूस आणायला पैसे नाहीत, आणि प्रसिद्ध म्हणजे तरी काय? १९७३-७४ च्या सुमारास याच खेळाच्या नंतरच्या आवृत्तीत जॉर्जियाचे गव्हर्नर आले, पट्ट्या बांधायचीही गरज पडली नाही, कारण पॅनेलला चेहरा ओळखीचा नव्हता. नाव जिमी कार्टर. तीन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष. आमच्या इमारतीत सगळ्यांना, अगदी सगळ्यांना माहीत असलेली व्यक्ती एकच आहे. विचारलं. आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "आवाज बदलू ना?"

३० ऑगस्ट, शनिवार (लिहायला रात्रीचे दीड)

आधी चुका. एक माइक पहिल्या दहा मिनिटांत गेला. नानांनी दुसऱ्या फेरीत एक कार्ड उलटायचं विसरून की-मॅन आजोबांचे पन्नास बुडवले. प्रेक्षकांनीच ओरडून मिळवून दिले.

मोडीवाले काका. बाई: "तुमच्या कामाने लोकांना आनंद होतो का?" काकांनी पाटीवर लिहिलं, नानांनी वाचलं, घसा खाकरला आणि डेलीसुद्धा मान डोलावेल असा निवाडा दिला: "आम्ही असं म्हणू की एका भावाला होतो, दुसऱ्याला होत नाही, आणि कोणाला ते आधी सांगता येत नाही, या अटीवर, हो." एजंट काकांनी तिथेच ओळखलं. जमिनीचा वास त्यांना लांबून येतो.

की-मॅन आजोबा दहाही कार्डं जिंकले. डॉक्टरांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं की ते दूधवाले आहेत, कारण "पहाटे निघता? चालत? रोज तीच वाट?" तिन्हींना हो. आजोबांनी उठून दोन वाक्यांत पाना कसा बसवतात ते सांगितलं आणि पहिल्या रांगेतली पोरं खुर्च्या सोडून पुढे आली.

पेणची सून. मुलीने विचारलं, "पोळ्यांच्या डब्यापेक्षा मोठं आहे का?" टाळ्या. नाना पाटी वाचून हसायलाच लागले. "कधी डब्यात मावतं, कधी मांडवात मावत नाही." मग मुलगी: "ते आत्ता या हॉलमध्ये आहे?" हो. पॅनेलने पंखा बघितला, सतरंजी बघितली, क्लासवाल्यांचा फ्लेक्स बघितला. मग मुलीची नजर समोर गेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ ती बोलेना. नंतर हळूच म्हणाली, "डोळे?"

टेबल फिरवलं नसतं तर हे झालं नसतं. मूर्ती तिच्याच कारखान्यातली.

शेवटी पट्ट्या बांधल्या आणि गुप्त पाहुणी आली. टाळ्या इतक्या की नाना मिनिटभर बोलू शकले नाहीत. आमच्या इमारतीत सात घरी भांडी करणाऱ्या मावशी. फळ्यावर नाव सावकाश लिहिलं, नाकातून उंदरासारखा आवाज काढला. डॉक्टर: "तुम्ही टीव्हीवर दिसता?" नाही. एजंट काका: "नगरसेविका?" नाही. बाई: "तुम्ही माझ्या घरी आला आहात?" हो. "गेल्या महिनाभरात?" हो. "सत्यनारायणाला?" नाही. हॉल लोळत होता. बाई आणि डॉक्टर, दोघांच्याही घरी त्या रोज येतात. दहा कार्डं उलटली. पट्ट्या काढल्यावर बाईंनी कपाळावर हात मारला. मावशी पाचशेची नोट बघत म्हणाल्या, "पंख्याखाली बसून पैसे पहिल्यांदाच मिळाले."

३ सप्टेंबर, बुधवार

हिशेब: पाहुण्यांना एकूण १,४५०. माइक ८००, त्यातला एक बंद होता म्हणून १०० कापले. खडू, पुठ्ठा ९०. क्लासवाल्यांकडून २,०००. म्हणजे सोसायटीचा खर्च २४० रुपये. वहीत टिपलेलं सेक्रेटरींचं वाक्य खजिनदारांना दाखवलं नाही. एक काठाची पट्टी हरवली.

१९६७ च्या ३ सप्टेंबरलाच, रविवारी, तो कार्यक्रम संपला. शेवटच्या रात्रीचा गुप्त पाहुणा स्वतः डेली. एखाद्या रविवारी पाहुणा आलाच नाही तर ऐन वेळी बसायला तोच राखीव होता म्हणे, आणि सतरा वर्षांत ती वेळ आलीच नव्हती. आवाज बदलून उत्तर द्यायचं, मग आपल्या आवाजात संचालन करायचं, असं आलटून पालटून.

संध्याकाळी फळा परत करायला निघाले. गेटवरच्या वॉचमनदादांनी एक बाजू धरली. नऊ वर्षं आहेत इथे. म्हणाले, "म्याडम, माझं वळखा. हितं यायच्या आधी काय करायचो."

फळा कुंपणाला टेकवला. शेतीशी संबंध? नाही. गाडीशी? नाही. हाताने करायचं काम? हो. वस्तू बनवायचात? हो. विकत मिळते? नाही.

तीन झाले. पोळ्यांच्या डब्यापेक्षा मोठं?

"लई मोठं," म्हणाले, आणि गाडी आली म्हणून गेट उघडायला गेले.